शनिवारचा कागद

(युवकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'शिक्षण आणि समावेशन'. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचा माझा अधिकार नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, टेस्टिंगमध्ये काम करतो. दुसऱ्याने बनवलेली वस्तू कुठं मोडते ते शोधून काढणं हा माझा धंदा. पण गेली दोन वर्षं मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे, आणि त्या शाळेत दर आठवड्याला एक कागद निघतो. त्या कागदाबद्दल बोलतो. शाळेचं नाव सांगणार नाही, मुलांचीही सांगणार नाही. तसं मी त्यांना विचारलेलं नाही. हे विचारणं का महत्त्वाचं, ते मला जरा महागात शिकावं लागलं. ते पुढे येईलच.

तुमच्यापैकी जे मराठी शाळेत शिकले त्यांना परिपाठ आठवत असेल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, शेवटी पसायदान. मला पसायदान आजही तोंडपाठ आहे. बातम्या म्हणजे एखादा हुशार मुलगा पेपरातले मथळे खड्या आवाजात वाचायचा आणि बाकीचे उन्हात उभे राहून पायाने मातीत रेघा ओढायचे. मुख्यमंत्री कुठं गेले, क्रिकेटमध्ये काय झालं. त्याचा आमच्याशी काही संबंध नसे.

आमच्या शाळेतल्या बाईंनी यात एक बदल केला. शनिवारी पेपरातल्या बातम्या बंद. त्याऐवजी मुलांच्या स्वतःच्या बातम्या. शुक्रवारी दुपारी मुलं सांगतात, बाई आणि चौथीतली दोन-तीन मुलं एका मोठ्या कार्डशीटवर स्केचपेनने लिहितात, शनिवारी परिपाठात ते वाचलं जातं आणि मग आठवडाभर व्हरांड्यात लावलेलं असतं. शासनाचा 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम २०२४ मध्ये आला, बाईंचं हे त्याच्या आधीपासून चालू होतं. त्याला काही छान नाव वगैरे दिलेलं नाही. मुलं 'शनिवारचा कागद' म्हणतात. कुणाचा दात पडला, कुणाच्या घरी पाहुणे आले, विहिरीत साप निघाला. पहिली ते चौथी मिळून ५८ मुलं, शिक्षक दोन.

आता तुम्ही मनात विचारत असाल की पुण्यात आयटीत काम करणाऱ्या माणसाची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत कशी? लोक मला आदर्शवादी समजतात. खरं कारण सांगतो. माझ्या मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, ती यंत्र लावते. आमच्या सोसायटीजवळच्या एका इंग्रजी शाळेत आम्ही आधी गेलो होतो. तिथल्या मॅडम फार गोड बोलल्या. चहा दिला. "आमच्याकडे तशी सोय नाही, तिचंच नुकसान होईल," म्हणाल्या. मग मी गावातल्या शाळेत गेलो. बाईंनी मुलीला विचारलं, "कोणत्या बाजूने बरं ऐकू येतं गं?" तिने उजवा कान दाखवला. बाईंनी तिला डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसवलं, म्हणजे उजवा कान वर्गाकडे. दाखल्याचं काम नंतर झालं.

तर मी समितीवर आलो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमलात आला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्या प्रमाणात जागा द्यावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीने अपंगत्व असलेली मुलंही वंचित घटकाच्या व्याख्येत आली. हे सगळं सांगतोय कारण आपल्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं की या समितीवर आपण जाऊ शकतो. मशिदीच्या ट्रस्टवर कोण जाणार यासाठी आपल्याकडे तीन गट पडतात. शाळेच्या समितीसाठी माणूस शोधावा लागतो.

समितीवर गेल्यावर इंजिनिअरने जे करायचं तेच मी केलं. कागदाची सुधारणा. बाईंना म्हटलं, एवढे कष्ट कशाला? मी गूगल फॉर्म करून देतो, पालक घरून बातमी भरतील, रंगीत पीडीएफ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाईल. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट करीन. बाईंना पोषण आहाराच्या नोंदी आणि इतर दहा ऑनलाइन माहित्या भरून वैताग आलेला होताच, त्या हो म्हणाल्या. दिवाळीनंतर हे सुरू झालं.

दोन महिन्यांत कागदाचा चेहरा पार बदलला. कराटेचं मेडल. महाबळेश्वरची सहल. वाढदिवस, केकचा फोटो. वीटभट्टीवरून आणि बांधकामाच्या साइटवरून येणारी मुलं कागदातून नाहीशी झाली, कारण फॉर्म पालकाच्या फोनवरून भरायचा आणि त्यांच्या पालकांचा फोन दिवसभर कामावर त्यांच्याबरोबर असे. मला ते दिसलंच नाही. फॉर्ममध्ये येणाऱ्या नोंदी वाढत होत्या, मी खूश होतो.

मला जागं केलं ते मुलीने. एक दिवस जेवताना म्हणाली, "अब्बू, कागद कुठं गेला?" मी म्हटलं, आहे की, ग्रुपवर येतो, मी वाचूनसुद्धा दाखवतो. ती म्हणाली, "ते मला नाही कळत." पत्र्याच्या व्हरांड्यात कुणी मोठ्याने वाचलं तर तिच्या यंत्रात सगळाच आवाज मोठा होतो, पत्र्याचा, पायांचा, शेजारच्या ट्रॅक्टरचा. म्हणून परिपाठात काय वाचलं ते तिला कळायचं नाही, पण नंतर मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात उभी राहून आठवडाभर तो कागद वाचायची. बरोबरीची मुलं वाचता-वाचता बोटाने दाखवून तिच्याशी बोलायची. पीडीएफ आली आणि भिंतीवरचा कागद बंद झाला. निरक्षर पालकांसाठी केलेल्या माझ्या आवाजातल्या बातम्या माझ्याच मुलीला ऐकू येत नव्हत्या. टेस्टिंगमध्ये सात-आठ वर्षं काढलेला माणूस मी, आणि ज्या घरात जेवतो तिथल्या माणसावर माझी वस्तू तपासून पाहिली नाही.

जानेवारीत फॉर्म बंद केला. कार्डशीट पुन्हा आली.

पण मला चैन पडेना. एप्रिलमध्ये, परीक्षा झाल्यावर, मी बाईंच्या कपाटातून वर्षभराचे गुंडाळलेले कागद काढले आणि बसून मोजले. कोणाचं नाव किती वेळा आलं. ही कल्पना माझी नाही. इटलीतल्या बार्बियाना नावाच्या खेड्यातल्या आठ शेतकरी मुलांनी १९६७ मध्ये एका शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तक लिहिलं होतं, मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आहे. नापास कोण होतं आणि त्यांचे बाप काय काम करतात हे त्या मुलांनी मोजून दाखवलं होतं. मिळालं तर वाचा.

माझ्या मोजणीत ५८ पैकी २२ मुलांचं नाव वर्षभरात एकदाही आलेलं नव्हतं. आणि हे केवळ माझ्या फॉर्ममुळे झालेलं नव्हतं. फॉर्मच्या आधीच्या कागदांतही ती नव्हतीच, फॉर्मने फक्त भर घातली. कारण साधं आहे. शुक्रवारी बाई विचारतात, "कोणाकडे बातमी आहे?" हात वर कोण करतं? ज्याला वाटतं की आपल्या घरात घडलेलं सांगण्यासारखं असतं, तो.

मग मी आपली मुलं पाहिली. शाळेत नऊ मुस्लीम मुलं. त्यातल्या आठांची नावं होती. मला बरं वाटलं. पुन्हा पाहिलं तर आठही नावं एकाच कागदावर होती. रमजान ईदच्या नंतरच्या शनिवारच्या. नवे कपडे, ईदी, शिरखुर्मा. बाईंनी आठवणीने विचारून, हिरव्या स्केचपेनने चंद्र काढून ते लिहून घेतलं होतं. मनापासून केलं होतं, यात शंका नाही. पण त्या आठांपैकी एकाचाही वर्षभरात दात पडला नव्हता, कुणाच्या घरी पाहुणे आले नव्हते, कुणी सायकल शिकलं नव्हतं. वर्षातून एकदा शिरखुर्म्यासकट आलो आणि गेलो. हे तुम्हाला ओळखीचं वाटत असेल. मोठ्या पेपरांत आपण आणखी एका कारणाने येतो, ते सांगायची गरज नाही. दोन्ही वेळा लिहिणारा दुसराच असतो.

इथं थोडं माझं सांगतो. मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात वाढलो. घरात दखनी, शाळेत मराठी. दुसरीत गुरुजींनी काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मेरेकू नै आता, गुरुजी." सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. वाईट माणूस नव्हते ते, मला पुढे स्कॉलरशिपला त्यांनीच बसवलं. पण त्या दिवसापासून चौथीपर्यंत मी वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही. गणितात पुढे गेलो, कारण गणितात बोलावं लागत नाही. इंजिनिअर होण्यात त्या गप्प बसण्याचाही वाटा असावा. तेव्हा हात वर न करणाऱ्या मुलाला काहीच सांगायचं नसतं, असं मी कधी मानत नाही.

मोजणीचा तक्ता मी बाईंना दाखवला. त्या बराच वेळ बघत बसल्या. पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "सर, हे वर कुठं पाठवू नका हं." शिक्षकांवर इतके अहवाल लादलेत की कुठलाही आकडा त्यांना आधी नोटिशीसारखा वाटतो. मी म्हटलं, हे तुमच्या-माझ्यातच. मग त्या म्हणाल्या, "या बावीस जणांची बातमी कोणी दुसऱ्याने लिहायची नाही. त्यांनाच वार्ताहर करू."

जूनमध्ये चौथीतली मुलं गेली, पहिलीत नवी आली. तेव्हापासून आठवड्याला दोन वार्ताहर. सुरुवात त्या यादीतल्या मुलांपासून. गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला, हातात वही. वार्ताहराने बाकीच्यांना विचारत फिरायचं आणि एक बातमी स्वतःच्या घरची द्यायची. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं, नाहीतर सांगायचं, दुसरा लिहील.

पहिल्या काही आठवड्यांत गंमतच झाली. बांधकामावर काम करणाऱ्या गवंड्याच्या मुलाने बातमी दिली: 'आमच्या साइटवर नववा स्लॅब पडला.' साइटवरच्या मराठीत स्लॅब पडला म्हणजे काँक्रीट ओतून झालं, मजला झाला. कागदाचा फोटो ग्रुपवर गेला आणि बाईंना पालकांचे फोन सुरू झाले, कुणाला लागलं का, पोलीस आले का. ती इमारत आमच्या सोसायटीला लागून आहे. माझ्या बाल्कनीतून मी तिला रोज शिव्या घालत होतो, धूळ येते म्हणून. त्या मुलाने मला सांगितलं की स्लॅबच्या रात्री त्याचे आई-वडील झोपत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी तो शाळेत उशिरा येतो. हजेरीत त्याच्या नावापुढे लाल खुणा होत्या. कारण आता कळलं.

एका मुलीने आपल्या घरच्या बोलीत सांगितलं: 'हमारी बकरी दो बच्चे दी. एक काला हय, एक चितकबरा.' बाईंनी ते तसंच लिहिलं आणि खाली मराठीत: 'आमच्या शेळीला दोन करडं झाली. एक काळं, एक बांडं.' एका पालकाने समितीत विचारलं, मराठी शाळेत हे कशाला? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण त्याआधी एक लमाण आई बोलली. म्हणाली, माझी पोरगी घरी गोरमाटी बोलते, तिचंपण असंच लिहा. विषय तिथंच मिटला. पुढे दोन आठवडे मुलं मधल्या सुट्टीत 'चितकबरा' हा शब्द उगाचच म्हणत फिरत होती. तिसरीतल्या एकाने तर आपल्या निबंधात चितकबरा बैल लिहिला.

माझ्या मुलीचाही नंबर लागला. तिला वार्ताहर म्हणून विचारत फिरताना मुलांना एक गोष्ट करावीच लागली, तिच्याकडे तोंड करून, एकेकाने बोलणं. मी शिक्षकांना हे दोन वर्षं सांगत होतो. मुलांनी ते एका आठवड्यात उचललं, कारण नाहीतर त्यांची बातमी चुकीची छापून आली असती. एकाची आलीच. 'आजी आली'चं 'भाजी आली' झालं. तो भडकला, आणि पुढच्या वेळी तिच्या उजव्या बाजूला येऊन बोलला.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगत आलो ते सांगतो.

नऊ मुस्लीम मुलांपैकी आठांची नावं ईदला आली, असं मी म्हटलं. नववा मुलगा ईदलाही आलेला नव्हता. बाईंनी विचारल्यावर "कुछ नै" म्हणून गप्प बसला होता. ऑगस्टमध्ये तो वार्ताहर झाला. इतरांच्या तीन बातम्या आणल्या. घरची बातमी काही देईना. शुक्रवारी शाळा सुटताना वही बाईंच्या टेबलावर ठेवून पळाला. त्यात एक ओळ होती: 'माझी बहीण आज स्वतःच्या हाताने चमचा धरून जेवली.'

बाईंना वाटलं, बहीण तान्ही असेल. सोमवारी विचारलं तर म्हणाला, आठ वर्षांची आहे.

शाळेपासून ३०० मीटरवर राहणारी आठ वर्षांची मुलगी, आणि शाळेला, समितीला, मला, कुणालाही ती माहीत नव्हती. सेरेब्रल पाल्सी आहे तिला. हातपाय ताठ असतात, बोलणं सावकाश आणि तुटक, पण बोलते, आणि डोकं तल्लख. त्यांच्या गल्लीतल्या मशिदीत मी दर जुम्म्याला जात होतो. त्या घरावरून.

सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवलं होतं की ६ ते १४ वयातली एक चतुर्थांश मुस्लीम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच सुटली. हा आकडा आपण प्रत्येक सभेत सांगतो, सांगायलाच हवा, तो सरकारला जाब विचारणारा आकडा आहे. पण आपल्या गल्लीत त्यातलं कोण राहतं, हे आपण विचारलंय का? मी विचारलं नव्हतं. आणि मला तर निमित्त होतं. माझी फुफी बहिरी होती. सगळं घर तिला 'गुंगी' म्हणायचं, आम्ही लहान मुलंसुद्धा. तिला शाळेत कुणी पाठवलं नाही. ती उत्तम गोधड्या शिवायची, प्रत्येकाची चप्पल ओळखायची, कोण घरात आलं ते चपलांवरून सांगायची. तिचं नाव काय होतं ते मला ती गेल्यावर रेशनकार्ड शोधताना कळलं. माझ्या मुलीचं निदान झालं तेव्हा अम्मी पहिल्यांदा हेच म्हणाली, "घरमेंच रखलेंगे, इस्कूल में बच्चे सताते." अम्मीच्या डोळ्यांपुढे फुफी होती. त्यात प्रेमच होतं. फुफीलाही प्रेमानेच घरात ठेवलं होतं.

त्या मुलीच्या घरीही प्रेम भरपूर होतं. वडील भंगार गोळा करतात, आई घरीच शेंगा सोलायचं, गजरे ओवायचं काम करते. त्यांना वाटत होतं की अशा मुलांना शाळा घेतच नाही. एकदा एका ठिकाणी विचारलं होतं, आधार आणि जन्माचा दाखला मागितला, जन्म गावाकडे घरीच झालेला, मग पुन्हा गेले नाहीत.

इथं कायदा कामाला येतो, म्हणून नीट ऐका. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सत्राच्या मध्ये आलं तरी प्रवेश द्यावा लागतो. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तरी वयानुसारच्या वर्गात घ्यायचं, म्हणजे तिला तिसरीत. खूप तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असेल तर घरी शिकण्याचा पर्याय मागायचा हक्क आहे, पण तो पालकांचा पर्याय, शाळेने ढकलायची वाट नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते. त्यातलं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं की वयाच्या १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत आणि घरी बोलवता येतं. समग्र शिक्षा योजनेतून दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये भत्ता आहे, वर्षातले दहा महिने. दोनशे रुपयांत काय होतं ते सोडा, पण त्या यादीत नाव असलं की बाकीच्या दारांवर टकटक करता येते.

सप्टेंबरमध्ये तिचा प्रवेश झाला. समितीतल्या एकाने जुनी चाकाची खुर्ची मिळवली. शाळेला रॅम्प होता, त्यावर तांदळाची पोती ठेवलेली होती, ती उचलली. पहिल्या दिवशी भाऊ खुर्ची ढकलत आला, पाठीमागे आई. मुलांनी व्हरांडा मोकळा केला. माझे डोळे भरून आले, आणि मी मोबाइल काढला.

फोटो फार सुंदर आला होता. ग्रुपवर टाकला. खाली चार ओळी लिहिल्या, जिद्द वगैरे. तासाभरात तो गावाच्या ग्रुपवर, तिथून मोहल्ल्याच्या, तिथून त्यांच्या गावाकडच्या नातेवाइकांच्या फोनवर गेला. पाच-पन्नास लोकांनी हात जोडलेले, डोळ्यांत पाणी असलेले इमोजी टाकले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दोन आठवडे नाही.

मी घरी गेलो. आईने पाणी दिलं. मग म्हणाली, "तुमे मेरी बच्चीकी खबर बना दिये, भाई. उसकू पूछे क्या?" तिच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरायच्या बेतात होतं. सासरच्यांना फोटो पोचला होता. घरात असं मूल आहे, हे सांगितलं नव्हतं का, अशी विचारणा झाली होती. मी काय बोलणार? चूक माझी होती. ग्रुपवर माफी लिहिली, फोटो काढला, पण गेलेला फोटो कुठं कुठं जातो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ते लग्न मोडलं नाही, एवढं नशीब. तो भाऊ मात्र महिनाभर माझ्याशी बोलला नाही. स्वतःच्या बहिणीची बातमी त्याने चमच्याची दिली होती. तिच्या शरीराची बातमी मी केली.

बाईंनी त्यानंतर नियम केला, समितीच्या इतिवृत्तात तो लिहिलेला आहे. कागदाचा फोटो बाहेर जाणार नाही, आणि ज्याची बातमी त्याला वाचून दाखवून हो म्हटल्याशिवाय कार्डशीटवर चढणार नाही. पहिलीतल्या मुलालासुद्धा विचारायचं. यामुळे काही झकास बातम्या पडतात. एका मुलाच्या आजोबांचे दात विहिरीत पडल्याची बातमी आजोबांनी अडवली. मुलं अजून हळहळतात.

ती ऑक्टोबरमध्ये परत आली. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस, त्यात शनिवार नक्की. माझ्या मुलीच्या शेजारी बसते. एकीला ऐकायला वेळ लागतो, दुसरीला बोलायला, त्यामुळे दोघींचं बरं जमतं असं बाई म्हणतात. मला त्यात फार अर्थ काढायचा नाही, भांडतातही खूप.

गेल्या महिन्यात वार्ताहर म्हणून तिचा नंबर आला. आम्ही सगळे मोठे लोक, खरं सांगतो, काहीतरी हृदयस्पर्शी येईल म्हणून वाट बघत होतो. तिने माझ्या मुलीला सांगितलं, मुलीने दोनदा विचारून लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं. शनिवारच्या कागदावर सगळ्यात वर आलं:

'शाळेच्या संडासाचं दार लहान आहे. माझी खुर्ची आत जात नाही. म्हणून मी शाळेत पाणी पीत नाही.'

परिपाठात हे वाचलं गेलं तेव्हा मी हजर होतो. मुख्याध्यापक खाली बघत होते. मीही. रॅम्पचे फोटो आम्ही तीनदा काढले होते, संडासाचं दार कुणी मोजलं नव्हतं.

आता मोजलंय. दार २१ इंच, खुर्ची २३. नियमाप्रमाणे ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट हवं. ग्रामपंचायत म्हणते निधी पुढच्या वर्षी. स्लॅबवाल्या मुलाचे वडील येऊन भिंत ठोकून बघून गेले, चौकट काढून एका बाजूने वीट तोडली तर दोन दिवसांचं काम आहे म्हणाले, मजुरी घेणार नाहीत, सिमेंट आणि दार समितीने द्यायचं. बुधवारी सभा आहे. विषय क्रमांक एक तोच आहे. आणि इतिवृत्त लिहायचं काम यावेळी माझ्याकडे आहे, म्हणून मला आज रात्रीच्या गाडीने परत जायचंय.